दुहेरीचा हिशोब

(तृतीय वर्ष कला)

मराठीत ‘दुहेरी’ हा शब्द फारशा चांगल्या संगतीत सापडत नाही. दुहेरी धोरण, दुहेरी कर, दुहेरी नुकसान. माणूस दुहेरी बोलू लागला की आपण त्याच्यापासून चार हात दूर राहतो. उलट ‘एकहाती’ या शब्दाचा थाट पाहा! एकहाती विजय, एकहाती सत्ता, अमक्याने सामना एकहाती फिरवला. वर्तमानपत्राचे क्रीडापान उघडावे तर तेथेही हाच न्याय. एकेरीच्या विजेत्याचे हसरे छायाचित्र चार रकान्यांत, आणि दुहेरीचा निकाल अगदी तळाशी, एका ओळीत, दोन्ही नावे आडनावांपुरती उरलेली. गोधडीची शिवण दुहेरी असली तर पक्की समजतात, एवढाच काय तो या शब्दाचा मान.

मी स्वतः गेली तीन वर्षे आपल्या महाविद्यालयाच्या बॅडमिंटन संघातून दुहेरी खेळते आहे. त्यामुळे हा विषय मला जरा जास्त बोचतो, हे आधीच सांगून टाकते. परंतु लेखाचे निमित्त मी नाही. निमित्त आहे ज्वाला गुट्टा ही खेळाडू. तिचे नाव घेतले की आपल्या वर्गातल्या बहुतेकांना तिची भांडणे आठवतात, खेळ आठवत नाही. असे का व्हावे, या प्रश्नाशी मी गेले काही महिने झगडते आहे.

ज्वालाचा जन्म वर्ध्याचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ७ सप्टेंबर १९८३ ही तिची जन्मतारीख. वडील क्रांती गुट्टा तेलुगू, आई येलन चिनी. गांधीजींचे साहित्य चिनी भाषेत नेण्याच्या कामी लागलेल्या आपल्या आजोबांबरोबर येलन १९७७ मध्ये सेवाग्रामला आल्या आणि पुढे या देशाच्याच झाल्या. महाराष्ट्राने ज्वालावर हक्क सांगावा असे यात फारसे काही नाही. ती वाढली हैदराबादेत, खेळ शिकली तो एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली. पण चरख्याच्या गावी जन्मलेल्या या मुलीच्या हातात पुढे रॅकेट आली, आणि तीही डाव्या हातात, याची मला उगीचच गंमत वाटते.

२००० साली, सतराव्या वर्षी, तिने राष्ट्रीय कनिष्ठ गटात बाजी मारली. त्यानंतर श्रुती कुरियनच्या जोडीने तिने राष्ट्रीय दुहेरीवर जी पकड बसवली ती वर्षानुवर्षे सुटली नाही. एकूण चौदा राष्ट्रीय विजेतेपदे तिच्या नावावर सांगितली जातात. आपल्याकडे एक समजूत आहे की एकेरीत जो मागे पडतो तो दुहेरीकडे वळतो. जसा विज्ञानाला प्रवेश न मिळालेला विद्यार्थी कलाशाखेकडे येतो असे आपल्याबद्दल बोलले जाते! दुहेरीतली कारकीर्द म्हणजे उरलेल्या वेळात करायची गोष्ट, असा आपला एकूण सूर. ज्वालाने दुहेरीलाच आपले मुख्य काम मानले, आणि तेही अशा देशात जिथे त्या कामाला स्वतंत्र शिक्षक नव्हता, स्वतंत्र वेळापत्रक नव्हते. एकट्या दुहेरीसाठी परदेशी प्रशिक्षक म्हणून मलेशियाचे तान किम हर २०१५ मध्ये आले. तोवर ज्वालाची उमेदीची वर्षे सरत आली होती.

आता दुहेरी ही एकेरीची धाकटी बहीण नव्हे, हे कसे पटवून द्यावे? मैदानाच्या मापांपासून सुरुवात करू. बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट लांब. एकेरीत ते १७ फूट रुंद धरतात, दुहेरीत २०. म्हणजे रुंदी वाढली तीन फूट आणि माणसे झाली दुप्पट. हिशोबाच्या वहीत काम सोपे झाले असे दिसते. प्रत्यक्षात उलटे घडते. समोरही दोघे असल्यामुळे मोकळी जागा उरत नाही, आणि जागा नाही म्हणून वेळही नाही. फूल उंच उडण्याऐवजी जाळ्याला घासून सपाट येऊ लागते. हल्ला करताना जोडीने एकामागे एक उभे राहायचे, बचाव करताना शेजारी शेजारी. एका फटक्यात हल्ल्याचा बचाव होतो, तेव्हा ही मांडणीही त्याच क्षणी बदलायची. बोलायला फुरसत नसते. ज्वाला डावखुरी, अश्विनी पोनप्पा उजवी. दोघींच्या मधल्या फटीत फोरहँड येतात की बॅकहँड, हे त्या क्षणी कोण कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरणार, आणि दर दोन-तीन फटक्यांनी बाजू बदलणार. अश्विनीचा मागून येणारा दणदणीत स्मॅश प्रेक्षकांना दिसतो. त्या स्मॅशसाठी फूल उंच उठावे म्हणून ज्वालाने जाळ्याजवळ आधीचे तीन फटके कसे घातले, ते मात्र कोणी मोजत नाही.

जुन्या नियमांत एक माणुसकी होती. २००६ पूर्वी दुहेरीत प्रत्येक जोडीला सर्व्हिसचे दोन हात मिळत. पहिलीची सर्व्हिस गेली तरी खेळ लगेच पलीकडे जात नसे, दुसरीला संधी असे. एकीची चूक दुसरीने सावरावी ही सोय नियमातच लिहिलेली होती. २१ गुणांची नवी पद्धत आली आणि तो दुसरा हात गेला. तेव्हापासून जोडीदाराची चूक सावरायची तर ती फूल जमिनीवर पडण्याआधीच सावरली पाहिजे.

माझे वडील भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षे काम करतात. मोठा पत्रा प्रेसवर दोघांनी मिळून चढवायचा असतो. एकाने क्षणभर आधी सोडला तर दुसऱ्याच्या बोटांवर बेतते. त्यांनी आमचा एकच सामना पाहिला, आणि बॅडमिंटनचे काहीही ज्ञान नसताना घरी येऊन सांगितले की तुम्ही दोघी फुलाकडे बघता, एकमेकींच्या पायांकडे बघत नाही. त्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले ते शिकायला मला पुढचे वर्ष लागले. जोडी म्हणजे काय, हे या कारखान्यांच्या गावात वेगळे शिकवावे लागू नये असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

असो. ज्वालाकडे वळते.

१४ ऑक्टोबर २०१०. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचा शेवटचा दिवस. ज्वाला आणि अश्विनी यांनी सिंगापूरच्या जोडीला हरवून महिला दुहेरीचे सुवर्ण मिळवले. त्याच दिवशी साईना नेहवालने एकेरीचे सुवर्ण जिंकले, आणि भारताची सुवर्णपदके ३८ होऊन आपण इंग्लंडच्या ३७ च्या पुढे, पदकतक्त्यात दुसऱ्या क्रमांकावर गेलो. ते अडतिसावे पदक सर्वांना तोंडपाठ आहे. साईनाच्या पराक्रमाला उणे लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण त्याच दिवशी त्याच सभागृहात दुहेरीचे सुवर्ण आले नसते, तर साईनाच्या पदकाने आपली इंग्लंडशी बरोबरी तेवढी झाली असती, ही साधी बेरीज कोणी का करीत नाही?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, लंडनच्या वेम्ब्ली येथे जागतिक स्पर्धेत या दोघींनी कांस्यपदक मिळवले. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांनी मिळवलेल्या कांस्यानंतर भारताला जागतिक स्पर्धेत मिळालेले हे दुसरेच पदक, अठ्ठावीस वर्षांनी आलेले, आणि भारतीय महिलांचे पहिले. साईना आणि सिंधू यांची जागतिक पदके यानंतरची आहेत. पदक निश्चित करणारा सामना त्यांनी जिंकला तो इंडोनेशियाच्या विटा मरिसा आणि नाद्या मेलाती यांच्याविरुद्ध, पहिला गेम गमावल्यावर. इंडोनेशियाच्या दुहेरीला हरवणे म्हणजे काय, हे बॅडमिंटन जाणणाऱ्याला सांगायला नको.

मग आले २०१२ चे लंडन ऑलिंपिक. ज्वाला तेथे महिला दुहेरी आणि व्ही. दिजूबरोबर मिश्र दुहेरी अशा दोन प्रकारांत उतरली. एका ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या दोन प्रकारांत खेळणारी ती पहिली भारतीय. मिश्र दुहेरीत काही साधले नाही. महिला दुहेरीच्या गटात मात्र त्यांनी जपानशी पहिला सामना गमावूनही चिनी तैपेई आणि सिंगापूर या दोघांना हरवले. तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले आणि गेम-गुणांच्या वजाबाकीत ज्वाला-अश्विनी अवघ्या एका गुणाने बाहेर पडल्या. एका गुणाने! जपानची जोडी चिनी तैपेईकडून ज्या रीतीने हरली, त्याबद्दल भारताने चौकशीची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

याच स्पर्धेत दुसरे एक प्रकरण घडले, आणि ते जगभर गाजले. पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरणाऱ्या चार जोड्यांना स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक. इंडोनेशियाच्या जोडीत ग्रेसिया पोली नावाची खेळाडू होती. येथून पुढे माझ्या मनात ज्वाला आणि ग्रेसिया या दोघींच्या कारकिर्दी शेजारी शेजारी चालू लागतात.

लंडनहून ज्वाला परतली ती एका गुणाने बाहेर पडलेली, आणि ग्रेसिया परतली ती बदनाम होऊन. पुढे काय झाले ते पाहा.

२०१३ मध्ये आपल्याकडे इंडियन बॅडमिंटन लीग सुरू झाली. तिच्या कार्यक्रमातून महिला दुहेरी हा प्रकारच वगळला आणि त्या जागी पुरुषांची आणखी एक एकेरी घातली. ज्वाला आणि अश्विनी यांची लिलावातली मूळ किंमत पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर आणली. आपल्याला न सांगता हे केल्याचे दोघींनी उघडपणे बोलून दाखवले. अश्विनी गेली पुण्याच्या संघात, ज्वाला दिल्लीच्या. त्या ऑगस्टमध्ये लीगचे सामने आपल्या शेजारी बालेवाडीलाही झाले. देशाला जागतिक पदक मिळवून देणारी जोडी, दोघी दोन संघांत, आणि त्यांचा खेळ कार्यक्रमपत्रिकेत नाही! त्याच लीगमधल्या एका वादावरून ज्वालावर आजीवन बंदीची शिफारस झाली. तिला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, आणि न्यायालयाच्या आधाराने ती पुन्हा कोर्टवर आली. (खेळाच्या कोर्टवर यायला कायद्याचे कोर्ट लागावे, हा योगही तिच्याच वाट्याचा.)

ज्वालाची जीभ तिखट आहे, यात शंका नाही. तिची सगळीच वक्तव्ये मला पटतात असे नाही, आणि काही भांडणे तिने टाळली असती तर तिच्या खेळाला बरेच झाले असते. पण ‘ती फार बोलते’ असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, न बोलणाऱ्या दुहेरीच्या खेळाडूंची नावे सांगा बरे! श्रुती कुरियन हे नाव किती जणांनी या लेखाआधी ऐकले होते?

यानंतरही ज्वाला-अश्विनी खेळत राहिल्या. २०१४ मध्ये उबर चषकातल्या भारताच्या कांस्यपदकात त्यांचा वाटा होता, त्याच वर्षी राष्ट्रकुलचे रौप्य मिळाले, २०१५ मध्ये कॅनडा ओपन जिंकली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गटातले तिन्ही सामने त्या हरल्या आणि त्यानंतर ही जोडी संपली. आता ज्वाला हैदराबादजवळ स्वतःची अकादमी चालवते.

ग्रेसियाचे काय झाले? तिने खेळ सोडण्याचा विचार केला होता. तिला थांबवले ते तिचे प्रशिक्षक एंग हियान यांनी. हे एंग हियान स्वतः दुहेरीचे खेळाडू. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्लांदी लिंपेले यांच्या जोडीने पुरुष दुहेरीचे कांस्य मिळवले होते. ग्रेसियाला जोडीदार दिली ती तिच्यापेक्षा बरीच लहान, अप्रियानी राहायू. आणि २ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत या मानांकन नसलेल्या जोडीने चीनला हरवून इंडोनेशियाला महिला दुहेरीचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. त्या अंतिम सामन्यात एक क्षण असा आला की रॅली चालू असताना ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. ती धावत बाजूला गेली आणि दुसरी रॅकेट घेऊन आली. तेवढा वेळ अप्रियानीने एकटीने सगळे कोर्ट सांभाळले. मी ते दृश्य निदान वीस वेळा पाहिले असेल. २०२२ च्या जूनमध्ये जाकार्ताच्या भरल्या स्टेडियममध्ये ग्रेसियाला निरोप देण्यात आला.

इंडोनेशियाचे लोक स्वभावाने जास्त प्रेमळ आहेत म्हणून असे घडले, असे मी म्हणणार नाही. फरक व्यवस्थेचा आहे. तिथे दुहेरीचा जुना खेळाडू निवृत्त होतो आणि दुहेरीचाच शिक्षक होतो. ख्रिस्तियन हादिनाता यांनी १९८० च्या जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी ही दोन्ही विजेतेपदे मिळवली, आणि नंतरची कितीतरी वर्षे इंडोनेशियाच्या जोड्या घडवण्यात घालवली. एका पिढीची जोडी दुसऱ्या पिढीच्या जोडीला हात देते. वर सांगितलेल्या अथेन्सच्या जोडीतले फ्लांदी लिंपेले तर २०१९ मध्ये भारतातच दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले. ज्या विटा मरिसाला ज्वाला-अश्विनीने वेम्ब्लीला हरवले, तिचेच हे मिश्र दुहेरीतले एकेकाळचे जोडीदार. त्यांच्या काळात, ऑगस्ट २०१९ मध्ये, सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपला मुंबईचा चिराग शेट्टी यांनी थायलंड ओपन जिंकली. म्हणजे अथेन्सच्या एका कांस्यपदकाचे दोन भाग झाले. एक टोकियोच्या सुवर्णात गेला, दुसरा थोडासा आपल्या वाट्याला आला.

चिरागची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ‘आता तक्रार कसली?’ असे कोणी ना कोणी विचारणारच. गोरेगावला उदय पवार यांच्या अकादमीत त्याचे सुरुवातीचे शिक्षण झाले. मे २०२२ मध्ये थॉमस चषकाच्या अंतिम सामन्यात सात्विक-चिरागने इंडोनेशियाच्या मोहम्मद अहसान आणि केविन संजया यांना चार मॅच पॉइंट वाचवून हरवले, आणि भारताने प्रथमच तो चषक उचलला. २०२३ च्या जूनमध्ये त्यांनी जाकार्तात जाऊन इंडोनेशिया ओपन जिंकली. ऑक्टोबरमध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, बॅडमिंटनमधले भारताचे पहिले आशियाई सुवर्ण. त्या वर्षीचा खेलरत्न पुरस्कारही दोघांना मिळाला. ‘दोघांना’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

पण हांगझोउच्या आधी आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीचे पदक आपल्याला कधी मिळाले होते? १९८२ साली, दिल्लीला. मुंबईचे प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांना कांस्य मिळाले. सुवर्ण घेऊन गेले तेच ख्रिस्तियन हादिनाता, इचुक सुगियार्तोबरोबर. आपली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली तेही वर्ष १९८२. महानगरपालिकेने तेवढ्या काळात खेड्यांचे महानगर केले, आणि दुहेरीचे एक पदक दुसऱ्या पदकापर्यंत पोचायला आपल्याला एकेचाळीस वर्षे लागली. गंधे-डिसा यांचा कस कमी नव्हता. त्यांच्या मागे पुढची जोडी उभी करणारे कोणी नव्हते. शिवाय महिला दुहेरीची गोष्ट अजून संपलेली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अश्विनीच उतरली, या वेळी मूळ गोव्याच्या तनिषा क्रास्टोबरोबर, आणि तीनही सामने गेले. ज्वालाची जोडीदार बारा वर्षांनंतरही खेळत होती, कारण तिच्यामागची रांग फार लांब नव्हती.

आपल्या भागाने या साऱ्याशी काय करायचे, असे विचाराल. बरेच काही करता येण्याजोगे आहे, आणि त्याचे उदाहरण मला एका कारखान्यातच सापडले.

मध्य जावात कुडुस नावाचे गाव आहे. लवंग घातलेल्या क्रेतेक सिगारेटी वळणे हा तिथला मुख्य धंदा. १९६९ मध्ये तिथल्या जारुम कंपनीच्या एका शेडमध्ये कामगारांनी बॅडमिंटन सुरू केले. दिवसा त्याच शेडमध्ये सिगारेटी वळायच्या, संध्याकाळी पाट-टोपल्या बाजूला सारून जाळे बांधायचे. त्या शेडमधून लिम स्वी किंग निघाला, ज्याला १९८० च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात आपल्या प्रकाश पदुकोण यांनी हरवले. आणि थॉमस चषकात सात्विक-चिरागसमोर उभे असलेले अहसान आणि केविन, दोघेही याच क्लबचे. तंबाखूच्या पैशावर मुलांचा खेळ चालावा हे मला रुचत नाही. इंडोनेशियाच्या बालहक्क आयोगानेही २०१९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला होता, आणि तो मला योग्य वाटतो. परंतु शेडची कल्पना वाईट नव्हती.

शेड आपल्याकडे कमी आहेत काय? १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मग टेल्को, बजाज, भोसरीची औद्योगिक वसाहत, आणि आता थेट चाकणपर्यंत पत्र्याची छपरे संपत नाहीत. बॅडमिंटनला लागते काय? वारा न येणारी जागा, उंच छप्पर, सपाट जमीन आणि दिवे. चाकणच्या कुठल्याही गोदामात या चारही गोष्टी आहेत. वैभवाचे बोलायचे तर १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले बालेवाडीचे संकुल आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण बालेवाडी सामने पाहायला. जोडी घडते ती घराजवळ, रोज, कंटाळा येईपर्यंत. पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिघी मुलींनी चाळीसच्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. संस्कृतच्या प्राध्यापकांचे घर, आणि सरावाला जोडीदार घरातच! सगळ्यांना बहिणी नसतात, म्हणून संस्था लागते.

माझी जोडीदार गेल्या वर्षी चाकणला लागली. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, प्रशिक्षणार्थी म्हणून, आठवड्याला पाळी बदलते. घरची गरज होती, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पहिली पाळी असली की ती संध्याकाळी सहाला येऊ शकते, पण आपला हॉल पाचला बंद होतो. दुसरी पाळी असली की ती सकाळी मोकळी, तेव्हा माझे तास. दोन वर्षांत आम्ही कुठे एकमेकींचे पाय बघायला शिकलो होतो. आता मी नव्या जोडीदाराबरोबर खेळते. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तरीही मधल्या फटीत फूल पडते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहतो. एकेरीचा खेळाडू पाळी बदलली तरी भिंतीवर फूल मारून सराव करील. जोडीचे तसे नाही. जोडीला दोघींचा मोकळा वेळ एकाच घटकेला लागतो, आणि या पट्ट्यात तोच सर्वांत महाग आहे.

पैशाचेही तेच. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुहेरीच्या विजेत्या जोडीला एकेरीच्या विजेत्यापेक्षा किंचित जास्त रक्कम मिळते, आणि ती दोघांत वाटायची असते. म्हणजे माणशी जवळजवळ निम्मी. आमच्या पातळीवर रकमेचा प्रश्नच येत नाही, चषकाचा येतो. एका निमंत्रितांच्या स्पर्धेत आम्ही जिंकलो तेव्हा दोघींना मिळून एक चषक देण्यात आला. सहा महिने हिच्या घरी, सहा महिने तिच्या घरी ठेवा, असे संयोजकांनी हसत हसत सुचवले. सध्या तो तिच्याकडे आहे. माझे सहा महिने कधीच सुरू झाले, पण तिच्या पाळीमुळे भेट होत नाही.

म्हणून जिमखाना समितीपुढे माझे मागणे अगदी थोडे आहे. आठवड्यातून दोन दिवस हॉल रात्री आठपर्यंत उघडा ठेवावा, आणि नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना त्या वेळेत आपल्या जोडीदाराबरोबर खेळू द्यावे. संघनिवडीत दुहेरीची जोडी आधी ठरवावी. ‘एकेरीत हरलेल्या दोघी’ म्हणून नव्हे. आंतरवर्गीय स्पर्धेच्या अंदाजपत्रकात दुहेरीसाठी दोन चषक धरावेत. त्याच पैशात लहान आकाराचे दोन येतात, मी चिंचवडच्या दुकानात चौकशी केली आहे.